गुळाच्या खोलीतला उजेड

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जून २०२५

आदरणीय इंगवले सर,

सादर नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं लागत नाहीत, तेव्हा पत्रच लिही, असं तुमच्या मुलानं, उदयसिंहदादांनी सांगितलं. शाळेतल्या निबंधानंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. चुका काढा, पण उत्तर द्या.

मला सातवा महिना लागला. परवा गडहिंग्लजला माहेरी जाते आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात आमच्याकडं कुणाचं काही चालत नाही. तुमचे तिन्ही मासे इथंच राहतील. प्रयोगशाळेतला आपला जोतीराम रोज संध्याकाळी येऊन त्यांना जवळा घालणार आहे. जवळ्याचा फ्रीझर जिन्याखालीच आहे. घर शाकाहारी, त्यामुळं अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाही.

काल माझ्या नवऱ्याच्या, मल्लेशच्या मावशी निपाणीहून आल्या होत्या. त्यांना मासे बघायचे होते. गुळाच्या खोलीत नेलं, दार लावलं. ही बिनखिडकीची खोली मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गुळाच्या ढेपांसाठी बांधली आणि तिथं समुद्राचे मासे राहायला आले, याचा त्यांना अभिमान वाटतो की पश्चात्ताप, मला अजून कळलेलं नाही. पाच मिनिटं मावशी काळोखात "काय न्हाईच की गं" करत राहिल्या. मग तिघांनी पापण्या उघडल्या. डोळ्यांखाली घेवड्याच्या दाण्याएवढे निळसर हिरवे दिवे, सहाच्या सहा. मिटले, उघडले, पुन्हा मिटले. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढ्याशा माशाकडं एवढा उजेड, आणि आमच्यात रोज लाईट जातीया."

दोनशे दहा रात्रींच्या नोंदी झाल्या आहेत. एकटा ठेवलेला मासा पापणी किती वेळा मिटतो, याच्या चाळीस रात्री तेवढ्या राहिल्या. आल्यावर करीन. विद्यापीठानं प्रबंधाची मुदत तिसऱ्यांदा वाढवून ३१ डिसेंबर दिली आहे, चौथ्यांदा मिळणार नाही. कागलच्या कॉलेजनं जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवली आहे. पदवी मिळाली तर नोकरी, नाही तर घरच्या गुळाच्या अडतीवर बसायचं, असं मामांनी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. ते शब्दाचे पक्के आहेत, दोन्ही बाजूंनी.

तब्येत जपा.

तुमची विद्यार्थिनी,
शिवलीला पट्टणशेट्टी


वारणानगर
२० जून २०२५

चि. शिवलीला हिस आशीर्वाद.

अक्षर वाईट आहे, मजकूर ठीक. पत्र गडहिंग्लजच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

जोतीरामला फोन करून पुढचं सांग. तुला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे, तरी सांग. उजेड माशाचा दिसतो, पण तो डोळ्याखालच्या पिशवीत राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. मासा खातो आणि त्यांना पोसतो. मासा उपाशी पडला तर आधी ते मरतात. मासा त्यानंतरही जगतो. म्हणून मासा पोहतो आहे एवढं बघून समाधान मानू नये. आठवड्यातून दोनदा दार लावून, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू देऊन, सहा दिवे मोजावेत.

सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या ज्या आयातदारानं हे तिघे दिले, त्यानं धंदा बंद केला. फक्त अंधारात दिसणारा मासा कोण विकत घेणार? हे गेले तर दुसरे मिळणार नाहीत. माझ्या हातून ते तुझ्याकडे आले तेव्हा मी निवृत्त होऊन सुनेच्या घरी राहायला निघालो होतो. इथं पाहुण्यांच्या खोलीत मला जागा मिळाली, टाकीला मिळाली नाही.

तुझ्या दुसऱ्या अध्यायाचा मसुदा वाचला. माझ्या २०११च्या लेखाचा आधार तू फार ठिकाणी घेतला आहेस. जुना लेख आहे. त्याचं एवढं कौतुक नको.

पायऱ्या जपून चढ-उतर.

ग. रा. इंगवले


शिवाजी पेठ
३ ऑगस्ट

इंगवले सरांस्नी शांतव्वाचा नमस्कार.

मी लीलाची सासू. चौथीपतुर शाळा झालीया, सुदारून वाचा. लीलाला आठवा संपत आलाय, तिच्या जिवाला घोर नको म्हणून तिला न सांगता तुमास्नी लिवती.

श्रावण लागला. जोतीराम सांजचं त्ये जवळ्याचं घिऊन येतोय, वास पार देवघरापतुर जातोय. मी त्याला म्हणलं, बाबा, महिनाभर तू येऊ नगंस, मी बघती. त्यो म्हणला, वैनीस्नी इचारा. मी म्हणलं, घर माजं हाय का वैनीचं? गेला बिचारा.

पर जीव हाय त्यो. उपाशी कसा ठिवायचा? माज्या हातनं मऊ भाताची शितं टाकली, चपातीचा कुस्करा टाकला. पयले चार दिस ढुंकून बगितलं न्हाई. माज्या मल्लेशनं बी दूध सुटल्यावर असंच नखरं केलतं. मग एकानं तोंड लावलं, थुकलं, परत लावलं. आता तिगं बी शाकाहारी झाल्यात सर! आमच्या घरात आलेल्याला आमच्या घरचं पचतंय. कॉलेजात ह्ये कुणाला जमलं नसंल.

अंधारात त्यांस्नी एकटं वाटंल म्हणून रोज सांजचं दार लावून त्यांच्याम्होरं बसती. पयलं मला भ्या वाटायचं. आता वाटत न्हाई. उजेड जरा कमी केलाय त्यांनी. मी म्हणलं, ह्ये बी श्रावण पाळत्यात व्हय!

लीलाला परत आल्यावर नवल दाखवायचं हाय. तुमी आधी सांगू नका.

शांतव्वा मल्लिकार्जुन पट्टणशेट्टी


वारणानगर
२२ सप्टेंबर २०२५

चि. शिवलीला,

उदयसिंहानं तुला काल फोन केलाच आहे. तरी लिहितो, कारण फोनवर तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

१ ऑगस्टला मी न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. सात आठवडे दवाखाना आणि अंथरूण. आलेलं टपाल सूनबाई प्रियदर्शनीनं नीट एका पिशवीत घालून खुंटीला अडकवलं होतं. तिची चूक नाही, मी मागितलं नाही. काल पिशवी काढली. सोबत तुझ्या सासूबाईंचं पत्र पाठवतो आहे. ते तीन ऑगस्टचं आहे. श्रावण संपून महिना होत आला. त्यांनी त्यानंतर जवळा सुरू केला असेल, अशी आशा मी धरत नाही. तूही धरू नकोस.

जोतीरामला आजच्या आज पाठव. आधी अगदी थोडा, चिमटीभर, दिवसातून तीनदा.

सासूबाईंवर रागावू नकोस. जे त्या स्वतः खातात तेच त्यांनी दिलं.

मुलगी झाली हे कळलं. तिला आशीर्वाद.

ग. रा. इंगवले


शिवाजी पेठ
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

सव्वा महिन्याच्या मुलीला घेऊन मी काल परत आले. आई तीन महिने सोडायला तयार नव्हती. तिच्याशी भांडून आले.

तिघांपैकी एक ऑगस्टातच गेला. अत्तींनी तो जास्वंदीच्या कुंडीत पुरला आणि कुणाला सांगितलं नाही. दोन आहेत. पाठी चाकूसारख्या झाल्या आहेत. काल दार लावून चाळीस मिनिटं बसले. काही नाही सर. डोळे फाडून बघितलं, मग मिटून बघितलं, दोन्हीत फरक नव्हता. शेवटी लाल टॉर्च लावला. डोळ्याखालचे ते दाणे राखेच्या रंगाचे झाले आहेत. आणि त्यावरच्या काळ्या पापण्या तशाच उघडमीट करतायत. मोजल्या. मिनिटाला पूर्वी जितक्या वेळा मिटायच्या तितक्याच.

अत्ती दाराबाहेर उभ्या होत्या. "काय गं, दिसल्यात का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही." "मला वाटलं, मोटं झालं की कमी हुतंय, माणसाच्या नजरंगत." मी फोनवर रोज विचारायचे, "खाल्लं का?" त्या म्हणायच्या, "खाल्लं." त्यात खोटं काही नव्हतं. जोतीरामला वाटलं, मला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर उजेड लावला की मासे दिसायचे आणि उजेड घालवला की काहीच दिसायचं नाही, मला वाटायचं फोनच साधा आहे.

मी त्यांना तुमचं उपासाचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी दिवा इझवला." मी म्हटलं, उजेड परत येतो अत्ती, सरांनी स्वतः बघितलंय.

तुमचा लेख पुन्हा काढला. तक्ता क्रमांक चार. उपाशी राहिलेल्या माशांना नियमित खाणं दिल्यावर उजेड सहा आठवडे तीन दिवसांत पूर्ववत झाला. जोतीरामनं २४ सप्टेंबरला जवळा सुरू केला. म्हणजे ८ नोव्हेंबर. तिथून चाळीस रात्री म्हणजे १८ डिसेंबर. बसतंय सर.

एकच प्रश्न. माझ्या मार्गदर्शक क्रांती मॅडम वेगळं म्हणतात. ३१ ऑक्टोबरच्या आत अर्ज देऊन विषय लहान करून घे, झालेल्या दोनशे दहा रात्रींवर तो पुरा होईल. पण मग नवी समिती, आणखी एक वर्ष. कागलची जागा जाईल, पदवी मात्र नक्की मिळेल. मामांशी वर्षभरासाठी मी बोलले असते. अर्ज न देता थांबले आणि उजेड आला नाही, तर दोन्ही गेलं. मॅडम म्हणतात, "एका तक्त्यावर एवढं टाकू नकोस."

तो तक्ता तुमचा आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. अर्ज करू की थांबू? तुम्ही म्हणाल तसं.

शिवलीला


वारणानगर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. शिवलीला,

पत्र मिळालं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण बसता येत नाही फार वेळ.

पाण्याचं तापमान पंचविसाच्या वर जाऊ देऊ नकोस. मिठाचं प्रमाण रोज तपास. जवळ्याबरोबर माशांची अंडी मिळाली तर दे. लाल टॉर्चसुद्धा रोज नको, दोन दिवसांनी एकदा. खोलीत अगरबत्ती लावू नये, हे सासूबाईंना सांग.

क्रांती हुशार आहे. माझीच विद्यार्थिनी. ती सावध बोलते.

अर्जाविषयी. तक्ता तुझ्यासमोर आहे. माझं मत विचारतेस तर थांब.

ग. रा. इंगवले


शिवाजी पेठ
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

अर्ज दिला नाही. मॅडम अजून नीट बोलत नाहीत.

आठ तारीख येऊन गेली. काल, परवा, तेरवा बसले. मासे भरलेत, पाठी गोल झाल्यात, जवळा बघून काचेवर येतात. त्यांच्याकडं बघून कुणी म्हणणार नाही की काही बिघडलंय. अंधारात मात्र तसंच.

आठ तारखेच्या संध्याकाळी सगळं घर खोलीत बसलं होतं. मामा अडत लवकर बंद करून आले. मल्लेश कडेवर मुलीला घेऊन. तिला अजून नाव ठेवलेलं नाही, उजेड आला की बारसं करायचं, असं अत्तींनी ठरवलंय. तासाभरानं मामा म्हणाले, "आज आठच वाजल्यात. मासा काय घड्याळ लावून बसत न्हाई." ते असं बोलणारे नाहीत. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

सर, २०११ला तुम्ही आणखी काय केलं होतं? पाणी किती वेळा बदललं? जवळाच दिला की काही वेगळं? लेखात पद्धतीच्या भागात दोनच ओळी आहेत. आठवत असेल ते सगळं लिहा. आता एकेक दिवस मोजून आहे. २१ तारखेच्या आत उजेड आला तरच चाळीस रात्री भरतील.

शिवलीला


वारणानगर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. शिवलीला,

विशेष काही केलं नव्हतं. काही माशांना आठ आठवडेही लागू शकतात. चाळीसऐवजी तीस रात्रींच्या नोंदी चालतील का, हे क्रांतीला विचार.

मला हल्ली वॉकर धरून अंगणापर्यंत जाता येतं.

ग. रा. इंगवले


शिवाजी पेठ
२१ डिसेंबर २०२५

आदरणीय सर,

सहा आठवडे झाले, आठ झाले, आता बारा होऊन गेले. आज उजेड आला तरी दहा रात्री मिळतील, त्यांचा उपयोग नाही. तेव्हा हे पत्र मुदतीसाठी नाही.

काल जोतीरामला चहा दिला. तो पायरीवर बसला होता. मी सहज म्हटलं, "तू तर सरांबरोबर होतास ना त्या वेळी? उजेड परत आला तेव्हा कसा आला रे, हळूहळू की एकदम?" तो बशीत फुंकर मारत म्हणाला, "एकदमच की वैनी. मीच मुंबईसनं डबा आणलता न्हवं. रात्रीच्या गाडीनं, मांडीवर धरून. दोन नवं मासं हुतं. टाकीत सोडलं की लखलख झालं." मी म्हटलं, "आणि आधीचे?" तो म्हणाला, "त्येंचं काय, ते न्हाई पेटलं." आणि मग माझ्या तोंडाकडं बघून बशी खाली ठेवली.

सर, जोतीरामचं वय झालंय. दोन वेगवेगळ्या सालांची त्याची गल्लत होत असेल. तसं तुम्ही एका ओळीत लिहून पाठवा. त्या सालची नोंदवही असेल तर तीही पाठवा, बघून परत करीन.

शिवलीला


वारणानगर
२ जानेवारी २०२६

शिवलीला,

जोतीरामची गल्लत झालेली नाही.

२०१०च्या दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा तीन आठवडे बंद राहिली. माशांचं बघायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. चार मासे होते. परत आलो तेव्हा चौघांचेही दिवे गेलेले. दोन महिने मी त्यांना जे जे घालता येईल ते घातलं. उजेड आला नाही. जिवाणू एकदा मेले की टाकीत ते परत कुठून येणार? समुद्रात माशाला ते मिळत असतील. काचेत मिळत नाहीत. हे मला तेव्हाच कळलं होतं.

जानेवारीत अनुदानाची समिती यायची होती. मुंबईहून दोन मासे मागवले. समितीनं खोलीत उभं राहून उजेड बघितला. एका गृहस्थांनी विचारलं, "हेच का ते उपाशी राहिलेले?" मी हो म्हटलं. त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, यावर लिहा. मी लिहिलं. तक्ता क्रमांक चारमधले आकडे घरी टेबलाशी बसून एका दुपारी तयार केले. सहा आठवडे तीन दिवस यातले तीन दिवस मी मुद्दाम घातले. नुसते सहा आठवडे खोटे वाटले असते.

नोंदवही नाही. कधीच नव्हती.

आता ऑक्टोबरचं. तू सरळ प्रश्न विचारलास, त्याला एका ओळीचं उत्तर होतं. कागद समोर घेऊन मी दोन दिवस बसलो होतो. बसता येत नव्हतं म्हणून नव्हे. अर्ज कर एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं, कारण सांगावं लागलं नसतं. ते का लिहिलं नाही, याचा मी अंथरुणावर पडून खूप विचार केला. मला वाटतं, तुझ्या माशांना उजेड यावा अशी माझी इच्छा होती. तो आला असता तर चौदा वर्षांपूर्वीचं माझं खोटं खरं ठरलं असतं. त्यासाठी मी तुझं वर्ष पणाला लावलं.

क्रांतीला मी लिहितो. विद्यापीठालाही लिहितो. माझ्यामुळं झालं असं स्पष्ट लिहितो. त्याचा उपयोग होईल की नाही मला माहीत नाही.

सासूबाईंना माझ्या वतीनं सांग की दोष त्यांचा नाही.

इंगवले


शिवाजी पेठ
११ जानेवारी २०२६

सर,

पत्र मिळालं. विद्यापीठानं ३१ तारखेला नोंदणी रद्द केली. तुमचं पत्र पोचल्यावर मॅडम तिथं जाऊन आल्या. कारण काहीही असलं तरी मुदत ही मुदत, असं त्यांना सांगण्यात आलं. कागलला दुसऱ्या मुलीची नेमणूक झाली. उद्यापासून मी अडतीवर जाणार आहे. मामांनी गल्ल्याजवळची खुर्ची पुसून ठेवली आहे, आणि ते माझ्याकडं बघत नाहीत.

विद्यापीठाला लिहिलंत तसं तो लेख छापणाऱ्या मासिकालाही लिहा. मला त्याचा काही उपयोग नाही. पण आज कुणीतरी कुठंतरी तो तक्ता उघडून आठवडे मोजत बसलं असेल.

दोष त्यांचा नाही, असं अत्तींना सांग म्हणालात. ते कसं सांगू? सर, दोष नाही म्हणायचं तर उजेड परत येत नसतो हेही सांगावं लागेल, आणि ते कळलं की विझवणाऱ्या त्याच उरतात.

नोव्हेंबरपासून काय चाललंय ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. जोतीरामचा हात जड आहे, जवळा ताजा नसतो, म्हणून येत नसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. आता त्या मासळी बाजारात स्वतः जातात. अडुसष्ट वर्षांत या बाईनं अंडं हातात धरलेलं नाही. मागच्या दारी पाटावर बसून त्या कोलंबी सोलतात, डोकं काढतात, पाठीतला काळा दोरा ओढून काढतात आणि माशाच्या तोंडात मावतील एवढे तुकडे करतात. पहिल्या दिवशी ओकल्या. आता नाही ओकत. हा हात देवाला लावायचा नाही म्हणून पूजा मल्लेशकडं दिली आहे. देवघराच्या दारातनंच हात जोडतात, तेही पदराखाली. उजेड आला की न्हाऊन आत जाईन म्हणतात. मुलीला अजून बारसं नाही. आम्ही तिला "बाळ" म्हणतो.

परवा तुमचं पाकीट पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. मी खोलीत जाऊन वाचलं. बाहेर आले तर त्या मागच्या दारी सोलतच होत्या.

"काय म्हणालं सर?"

मी पाकिटाची घडी घातली. त्यांनी वर बघितलं. हात कोपरापर्यंत ओले होते.

"आगं, काय लिवलंय? यील का न्हाई?"

"येईल म्हणालेत," मी म्हटलं. "पाडव्यापर्यंत येईल."

"मग हायच की किती दिस," असं म्हणून त्यांनी टोपलीतली पुढची कोलंबी उचलली.

शिवलीला